डिकीवरचं नाव

"ड्रायर इतका जवळ धरू नकोस, रंग भाजंल," आप्पा म्हणाले.

"मग काय लांबून फुंकर घालू?"

"तोंड लई चालतंय. हात चालव."

असं म्हणून ते हसले. दोन वर्षांत आप्पांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळे मीही खुशीत होते. ते पायरीवर चहाचा कप घेऊन बसले होते आणि मी अंगणात गाडीच्या मागं उकिडवी बसून डिकीवरची अक्षरं तापवत होते. ड्रायर ताईचा होता. ताई घर सोडून गेली त्या आठवड्यात तिच्या कपाटातलं बरंचसं आप्पांनी परड्यात नेऊन जाळलं होतं. ड्रायर माझ्या खोलीत होता म्हणून वाचला.

गाडी डाळिंबी रंगाची होती आणि तिच्या डिकीवर स्टीलच्या जाड अक्षरांत 'हेमांगी' असं नाव होतं. आमच्या भागात लोक गाडीवर मुलाचं नाव टाकतात, नाहीतर आईवडिलांचा आशीर्वाद. आप्पांना मुलगा नव्हता. ताईचा इंजिनिअरिंगला नंबर लागला त्या वर्षी त्यांनी गाडी घेतली आणि सांगलीच्या नंबरप्लेटवाल्याकडून ही अक्षरं मुद्दाम कापून आणली. खताच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी ते नाव वाचायचा आणि मग पोत्याचा भाव विचारायचा. माझं नाव का नाही म्हणून मी तेव्हा रुसले होते. "तुझ्या नावानं ट्रॅक्टर घेऊ," असं म्हणून आप्पांनी माझी बोळवण केली होती.

पुढं ताईनं कॉलेजातल्या मिलिंदशी रजिस्टर लग्न केलं. मिलिंद आमच्यातला नव्हता. त्यावर अधिक काही लिहायची गरज नाही, वाचणाऱ्याला आपली गावं ठाऊक असतात. आप्पांनी ताईच्या नावानं अंघोळ केली. आईचा आणि माझा मोबाइल काढून घेतला आणि माझं कॉलेज बंद केलं. घरात तिचं नाव घ्यायची चोरी झाली. पण गाडीवरचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही. ते विसरले की त्यांना जमलं नाही, कोण जाणे. आई मात्र त्या अक्षरांवर जगत होती. सकाळी अंगण झाडताना ती पदरानं ती पुसायची आणि मला हळूच म्हणायची, "बघ, नाव काढलं नाही त्यांनी."

आणि आता तेच नाव मी काढत होते, तेही आनंदानं. कारण ताईला दिवस गेले होते, सातवा लागला होता, आणि आप्पा तिला बाळंतपणासाठी घरी आणायला निघाले होते.

हे सगळं आईनंच घडवून आणलं होतं. समोरच्या जंगमकाकूंच्या घरच्या फोनवरून ती ताईशी चोरून बोलायची. ताईला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ते आईच्या पोटात राहिना. एकदा वाढता वाढता तिनं आप्पांना सांगून टाकलं. आप्पा ताटावरून उठले. पुढं बरेच दिवस त्यांनी चकार शब्द काढला नाही. मग एका संध्याकाळी ते संपतकाकांकडून आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेरी होऊ दे. तिला नंबर लाव. मी बोलतो."

ते बोलले. "पोरी, झालं गेलं गंगेला मिळालं," एवढं म्हणाले आणि त्यांना पुढं बोलवेना. ते खरंच रडले. माझ्यासमोर रडले. ते रडणं खोटं नव्हतं असं मला अजूनही वाटतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. आईनं त्यांना ताईचा सोलापूरचा पत्ता सांगितला. गल्ली, दत्ताचं देऊळ, वरचा मजला, सगळं नीट खुणेसकट.

मुराळी म्हणून आप्पा आणि संपतकाका जाणार असं ठरलं. संपतकाका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. ताईच्या लग्नामुळं त्यांच्या मुलीचं, वैशालीचं, जमलेलं लग्न मोडलं होतं, तेव्हापासून त्यांनी आमच्या घराचा उंबरा चढला नव्हता. ते कसे काय तयार झाले, याचं मला जरा नवल वाटलं. पण सुखाच्या दिवशी कुणी खोदून विचारत नाही. आईनं तर देवापुढं साखर ठेवली.

"ही अक्षरं जुनी झाली," आप्पा सकाळीच मला म्हणाले होते. "काढून टाक. बाळाचं नाव ठरलं की नवी लावू."

म्हणून हा उद्योग चालला होता. कृती आप्पांनीच सांगितली. आधी अक्षर तापवायचं, मग त्याच्या मागून तंगूस घालायचा आणि करवतीसारखा मागंपुढं ओढायचा. आमच्याकडं पोरं ओढ्यावर गळ टाकायला जो तंगूस वापरतात तोच. खालची डिंकाची पट्टी तापून मऊ झाली की अक्षर आपोआप सुटतं. अनुस्वाराचं टिंब तर नुसत्या नखानं निघालं. शेवटची वेलांटी मात्र सुटता सुटेना.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," मी म्हणाले.

"तुझी ताईच तसली. हट्टी," आप्पा म्हणाले. पुन्हा हसले, पण या वेळी माझ्याकडं न बघता.

वेलांटी निघाली. मग खोबरेल तेल लावून मी काळा चिकटा अंगठ्यानं चोळून काढला. त्याच्या वळकट्या व्हायच्या आणि गळून पडायच्या. फडक्यानं पुसलं आणि मागं सरून बघितलं तर नाव तिथंच. अक्षरांखाली ऊन लागलं नव्हतं, त्यामुळं तिथला डाळिंबी रंग नव्यासारखा राहिला होता आणि भोवतीचा फिका पडला होता. स्टीलपेक्षा ते आता जास्त ठसठशीत दिसत होतं. 'हेमांगी.'

"आप्पा, हे बघा की! गेलंच नाही," मी टाळ्या पिटून म्हणाले.

आप्पा उठून आले. त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं. तेवढ्यात संपतकाका फाटकातून आत आले. त्यांच्या हातात पॉलिश पेपर होता.

"ह्ये वाचाय येतंय की," ते म्हणाले.

"येऊ दे की काका. तिचंच नाव आहे, तिलाच आणायला चाललाय."

काकांनी मला बाजूला केलं आणि ते नाव पॉलिश पेपरनं घासायला लागले. घासताना रंग गेला, चकाकी गेली, खालचं करडं दिसायला लागलं. एवढ्या जपून काढलेल्या नावाची त्यांनी खरूज करून टाकली. मी आप्पांकडं बघितलं. त्यांना गाडीवर साधा ओरखडाही खपत नसे. पाहुण्यांची पोरं गाडीला टेकली तरी ते ओरडायचे. आता ते नुसते बघत होते.

"आता त्ये बी काढ," काका म्हणाले. त्यांनी दाखवला तो गाडी विकणाऱ्या शोरूमचा पत्रा होता, त्यावर गावाचं नाव होतं.

मी तो काढला. तो सोपा होता. मग त्यांनी आमच्या तालमीचा बिल्ला दाखवला, दोन गदा आणि मधे गावाचं नाव असलेला. तोही काढला. मग ते पुढं गेले आणि बॉनेटवरच्या कंपनीच्या लोगोवर त्यांनी टिचकी मारली.

"हे कशाला?" मी विचारलं. "कंपनीपण नवी लावणार काय?"

"जुनं समदं काढायचं. नव्यानं सजवायची."

"बाळाच्या नावाची कंपनी निघाली वाटतं."

काका हसले नाहीत. आप्पा म्हणाले, "काका सांगतोय तसं कर." त्यांचा आवाज बदलला होता. मघाशी पायरीवर बसून चेष्टा करणारा माणूस कुठंतरी निघून गेला होता. त्यांचा चहा तसाच पायरीवर राहिला होता आणि त्याच्यावर साय धरली होती.

मी लोगो तापवला. हात कामात होते, पण नजर पुन्हा पुन्हा आप्पांकडं जात होती. तरी मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, पुरुषमाणसांचं काही सांगता येत नाही, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. आम्ही दोघी मात्र तोंड पोळूनही दुधाची वाटी तशीच तोंडाला लावायला निघालो होतो, एवढी आम्हाला तहान होती.

आता गाडीवर एकच गोष्ट उरली होती. डिकीच्या वरच्या बाजूला, मधोमध, पितळेचा जोतिबा. घोड्यावर बसलेला, तळहाताएवढा. गाडी घेतली त्याच दिवशी ती तशीच डोंगरावर नेली होती आणि गुरवाच्या हातून पूजा करून तो तिथंच चिकटवला होता. त्यानंतर आप्पा कधीही गाडी बाहेर काढताना आधी मागं जायचे, जोतिबाला हात लावून कपाळाला न्यायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. नुसतं वाण्याकडं जायचं असलं तरी.

काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

"थांब," आप्पा म्हणाले. "त्याला तू हात लावू नको."

मला हायसं वाटलं. म्हटलं, देवापुरते तरी शहाणे आहेत. पण आप्पांनी माझ्या हातातून ड्रायर घेतला. ते गुडघ्यावर बसले आणि आपण तापलेलं दूध जपतो तसं त्यांनी तो जोतिबा जपून, लांबून तापवला. तंगूस हळूहळू ओढला. जोतिबा सुटून त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी तो उपरण्यानं पुसला, कपाळाला लावला आणि तसेच अनवाणी घरात गेले. त्यांचे ओठ हलत होते.

दारातून स्वयंपाकघर सरळ दिसतं. देव्हारा तिथंच, कोनाड्यात. आई खाली बसून खोबऱ्याच्या वड्या थापत होती. शेजारी ताईची ओटीची पिशवी भरून ठेवलेली होती, हिरवी साडी, खण, नारळ, बांगड्या. आप्पांनी जोतिबा देव्हाऱ्यात ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. आईनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग देव्हाऱ्याकडं. मग तिचे हात थांबले.

"देवाला घरी ठेवून कुठं निघालाय?" तिनं विचारलं.

आप्पांनी डोळे उघडले नाहीत.

"मी काय विचारते? पोरीला आणायला निघालाय, आणि देवाला घरी ठेवता?"

"तू तुझं काम कर," आप्पा म्हणाले आणि बाहेर आले. त्यांनी डोळे पुसले का घाम पुसला, मला कळलं नाही.

मला मात्र बाकीचं सगळं त्या क्षणी कळलं. सुईनं मणी ओवावेत तसं एकामागून एक सगळं ओवलं गेलं असं म्हणता येणार नाही, ते एकदम अंगावर आलं. शुभ कामाला निघालेला माणूस देव बरोबर घेतो. जो माणूस वाण्याकडं जातानाही देवाला हात लावतो, तो देवाला घरी ठेवून जातो तेव्हा त्याला जे करायचं असतं ते देवानं बघू नये असं वाटत असतं. आप्पांनी खाली ठेवलेला ड्रायर चालूच होता, तो बंद करायचंही मला सुचेना.

आई बाहेर आली. तिच्या हातांना खोबरं आणि साखरेचा पाक लागलेला होता. तिनं गाडीच्या मागं जाऊन बघितलं. घासून करड्या केलेल्या जागेवर तिनं बोट टेकवलं. मग ती पुढं गेली आणि नुसत्या बोडक्या बॉनेटकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, ती आता किंचाळणार. पण ती घरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती ठेवणीतली जांभळी साडी नेसून, ओटीची पिशवी काखेत मारून आली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसली.

"वैनी, तुमी कुठं?" काका म्हणाले.

"लेकीला आणायला."

"तुमी कशाला? आमी जातोय की दोघं."

"सातव्या महिन्यातली पोरगी दोन बाप्ये आणणार व्हय? वाटेत पोटात दुखलं तर काय करशीला?"

"जागा न्हाई, वैनी. येताना सामान असतंय तिचं."

"मांडीवर घेऊन बसते मी सामान. आणि ओटी भरल्याबिगर तिनं उंबरा ओलांडायचा? ओटी काय तुम्ही भरणार, भावजी?"

काकांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा दाराशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "उतर."

"नाही."

"उतर म्हणतोय."

"ओढून काढा," आई म्हणाली. तिचा आवाज मात्र खालचा नव्हता. "काढा ओढून. बघू दे गल्लीला."

समोरच्या कट्ट्यावर जंगमकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. दुधाचे कॅन धुणारा त्यांचा गडीही बघायला लागला. आप्पा दारावरचा हात काढून मागं सरले.

"कल्याणी," आई मला म्हणाली, "माझ्या चपला दे."

मी चपला घेऊन वाकले. पुढच्या सीटखाली गोणपाट दुमडून ठेवलं होतं. त्याच्या एका टोकातून दुसऱ्याच नंबरची पाटी डोकावत होती आणि दुसऱ्या टोकातून कोयत्याची मूठ. उसाच्या गावात कोयता काही नवा नाही. पण आमचा कोयता गोठ्याच्या वळचणीला असतो, गाडीत नसतो. मी वर बघितलं. आईनं ते आधीच बघितलेलं होतं. तिनं चपला घातल्या आणि दोन्ही पाय त्या गोणपाटावर ठेवले.

"कुंकवाचा करंडा राहिला बघ," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "आपल्यातलं कुंकू संपलंय. काकूंकडनं आण जा."

"ऱ्हाऊ द्या करंडा," काका म्हणाले.

"कुंकवाशिवाय ओटी भरतात? वैशालीची अशीच भरशीला का, भावजी?"

वैशालीचं नाव निघालं आणि काकांनी तोंड फिरवलं. मी चालत गेले. पळायचं नाही, असं मनाला बजावत गेले. जंगमकाकूंनी मला काही विचारलं नाही. मला आत घेतलं, दार लोटलं, फोनवर स्वतःच नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. नंबर त्यांना पाठ होता.

"आई?" पलीकडून ताई म्हणाली. "निघाले का गं? मी पुरण शिजत घातलंय. आप्पांना कटाची आमटी लागते ना. मिलिंद तर सकाळपासून तीनदा दाढी करायला निघालाय."

"ताई, मी बोलतेय. घर सोड."

"काय?"

"तू आणि मिलिंद, आत्ता निघा. ते तुला आणायला येत नाहीत."

ती हसली. खरंच हसली. "काहीतरी बोलू नकोस. अगं, आप्पा रडले माझ्यापाशी. माझ्याशी खोटं रडतील का ते?"

"गाडीत कोयता आहे, ताई. दुसऱ्याच नंबरची पाटी आहे."

"शेतात जायचं असेल. काकांचं काहीतरी—"

"गाडीवरचं सगळं काढलंय. गावाचं नाव, तालमीचा बिल्ला, कंपनीसुद्धा."

"माझं नाव?"

"तेही."

"कुणी काढलं?"

"मी," मी म्हणाले. "मला वाटलं, बाळाचं नाव टाकायचंय. तसंच सांगितलं त्यांनी."

तिच्याकडचा कुकर शिट्टीला आला होता, त्याचा फुसफुसाट मला ऐकू येत होता. तिचा अजून विश्वास बसत नव्हता. बसणार तरी कसा, ती आप्पांची लाडकी होती. तिच्या जागी मी असते तर मीही पुरणच शिजवत बसले असते.

"ताई, त्यांनी जोतिबा काढला," मी म्हणाले. "स्वतःच्या हातानं. देव्हाऱ्यात ठेवला आणि हात जोडून आले."

पलीकडं शिट्टी झाली. मग गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज म्हातारीसारखा झाला होता. "आईला कळलंय?"

"आई गाडीत बसलीय. उतरत नाही."

"तिला सांग..."

"ऐक," मी म्हणाले. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि एवढं थंडपणे मला कसं बोलता आलं ते मला माहीत नाही. "सोलापुरात थांबू नका. त्याच्या घरीपण जाऊ नका, तिथं ते पहिल्यांदा जातील. कुठं जाताय ते मला सांगू नकोस. आईला नको, काकूंना नको. इथं फोन करू नकोस. आईला तुझा पत्ता माहीत होता, तिनं मायेनं सांगून टाकला. मला माहीत असला तर माझ्याकडून काढून घेतील."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेपर्यंत."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

काकूंनी माझ्या हातात करंडा दिला आणि पदरानं माझं तोंड पुसलं. मी परत आले तेव्हा काका गाडीभोवती येरझाऱ्या घालत होते आणि आप्पा फाटकाला टेकून जमिनीकडं बघत होते.

"मिळाला?" आईनं विचारलं.

"मिळाला."

आई लगेच उतरली नाही. तिनं करंडा उघडून बघितला, पिशवीत ठेवला, पिशवीचे बंद बांधले, मग त्यातलं काही राहिलं का बघायला ते पुन्हा सोडले. जेवढा वेळ काढता येईल तेवढा ती काढत होती. शेवटी काका म्हणाले, "वैनी, दिवस जातोय." तेव्हा ती खाली उतरली.

"मला गाडी लागती," ती म्हणाली. "तुम्हीच जा."

ओटीची पिशवी तिनं बरोबर दिली नाही, आणि ती त्यांनी मागितलीही नाही. आणायला निघालेल्या माणसांनी ओटी मागितली असती. काकांनी गाडी चालू केली. आप्पा शेजारी बसले, त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. गाडी वळणावर गेली आणि आई अंगणातच खाली बसली. मी काढून ठेवलेली अक्षरं पायरीजवळ पडली होती. ती तिनं गोळा केली आणि त्यांचा क्रम लावत बसली, पण चिकटा बोटांना लागत होता आणि अक्षरं सरळ राहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. घराला कुलूप होतं, मिलिंदच्या आईवडिलांकडंही कुणी नव्हतं. "कुणी कळवलं?" आप्पांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी." आप्पांनी तिच्यावर त्याआधी कधी हात टाकला नव्हता. त्या दिवशी टाकला, आणि काका दारात उभे राहून बघत राहिले. मी मधे पडले तर मलाही बसला. मग दुपारी आईनं सुजल्या तोंडानं भाकरी थापल्या, त्यांना वाढल्या, आणि ते जेवले. पुढं कित्येक वर्षं ती त्यांना वाढत राहिली. माणूस कशाबरोबर राहू शकतो ते मी आमच्या स्वयंपाकघरात बघितलं. जोतिबा देव्हाऱ्यातच होता. आप्पा रोज त्याची पूजा करायचे.

पोलिसांत जायला हवं होतं, असं आता कॉलेजात शिकणारी माझी मुलगी म्हणते. तिचं बरोबर आहे. पण आमच्या ठाण्यातले लोक संपतकाकांच्या पंगतीला असायचे, आणि घडलं तर काहीच नव्हतं. दोन माणसं मुलीला आणायला गेली आणि मुलगी भेटली नाही म्हणून परत आली, एवढीच काय ती हकीकत.

ताईचा फोन आला नाही. पहिल्या महिन्यात आला नाही, तिचे दिवस भरले असतील तेव्हा आला नाही. आई जंगमकाकूंकडं सुपारी खायच्या निमित्तानं जाऊन फोनपाशी बसायची आणि उठून यायची. मुलगा झाला की मुलगी, एवढं तरी कळवलं असतं, असं ती एकदाच म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली. पुन्हा कधी म्हणाली नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी मी होते आणि आप्पा होते.

माझं लग्न झालं, मी साताऱ्याला आले. संपतकाका अर्धांगानं गेले. गेल्या वर्षी आप्पाही गेले. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, ते मला हेमा म्हणून हाक मारायचे आणि मी ओ द्यायचे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला गेले. दत्ताचं देऊळ सापडलं, गल्ली सापडली. घरमालकीण म्हातारी झाली होती, पण तिला आठवत होतं. गरोदर पोरगी अंगावरच्या कपड्यानिशी गेली, म्हणाली. कुठं गेली ते तिनं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं तर काही सांगू नका असंही बजावून गेली. मी मिलिंदच्या कंपनीत विचारलं. इंटरनेटवर तिच्या नावाच्या कितीतरी बायका बघितल्या, त्यांत ती नव्हती. तिनं नावही बदललं असेल, हुशार होती.

जिवंत आहे ती. एवढं मी रोज स्वतःला सांगते. माझं ऐकलं म्हणून जिवंत आहे. मी सांगेपर्यंत फोन करू नकोस, असं मी तिला म्हणाले होते आणि ती अजून वाट बघत असेल. आता घाबरण्यासारखं कुणी उरलेलं नाही. ये, म्हणून सांगायचंय. कुठं सांगू?